उधळ्या पुत्राचा चित्रकार : आल्ब्रेख्त ड्यूरर

लूककृत शुभवर्तमानाच्या १५ व्या अध्यायातील उधळ्या पुत्राचा दाखला ठाऊक नाही, असे ख्रिस्ती घर हुबळी-धारवाडात सापडणे कठीण. रविवारच्या शाळेतील लहान मुलेही तो न अडखळता सांगतात. या दाखल्याची चित्रे पाहिली, तर बहुतेकांत बाप हात पसरून उभा असतो आणि फाटक्या वस्त्रांतील मुलगा त्याच्या पायांशी किंवा गळ्यात पडत असतो. परंतु सुमारे ५०० वर्षांपूर्वी जर्मनीतील एका सोनाराच्या मुलाने हाच दाखला तांब्याच्या पत्र्यावर कोरला, तेव्हा त्याने बापाचे घर दाखविले नाही, मेजवानी दाखविली नाही, पुष्ट वासरूही दाखविले नाही. त्याने दाखविला तो डुकरांच्या कळपात गुडघा टेकून हात जोडणारा मुलगा.

त्या कलावंताचे नाव आल्ब्रेख्त ड्यूरर. त्याचे चरित्र आम्ही वाचकांपुढे ठेवीत आहोत, ते केवळ एका थोर चित्रकाराची ओळख व्हावी म्हणून नव्हे. देवाचे वचन आणि चित्र यांचे नाते कसे असावे, हा प्रश्न आम्हां प्रॉटेस्टंट मंडळ्यांना आजही पडतो. ड्यूररच्या आयुष्यात तो अखेरपर्यंत त्याच्या सोबतीला होता.

सोनाराच्या घरी

ड्यूररचा जन्म २१ मे १४७१ रोजी न्यूरेंबर्ग शहरी झाला. त्याच्या वडिलांचे नावही आल्ब्रेख्तच. ते मूळचे हंगेरीचे. १४५५ साली न्यूरेंबर्गला येऊन त्यांनी सोनारकामात जम बसविला. आई बार्बरा हिला १८ मुले झाली. पुढे १५२४ साली ड्यूररने आपल्या घराण्याची हकिगत लिहून ठेवली, तेव्हा त्या १८ पैकी तिघे भाऊच हयात होते. त्या घराला कबरस्तानाची वाट किती वेळा धरावी लागली असेल, याची कल्पना वाचकांनीच करावी. तरी त्या हकिगतीत कुरकुर नाही. वडील कष्टाळू, कमी बोलणारे व देवभीरू होते आणि देवावर प्रीती करा, शेजाऱ्याशी सचोटीने वागा, हे ते मुलांना रोज सांगत, एवढे त्याने कृतज्ञतेने नोंदविले आहे.

मुलगा प्रथम वडिलांच्या हाताखाली सोनारकाम शिकला. १४८४ साली, वयाच्या तेराव्या वर्षी, त्याने आरशात पाहून स्वतःचे चित्र काढले. ते आजही व्हिएन्ना येथे जपून ठेवलेले आहे. मुलाचा ओढा चित्रकलेकडे आहे हे पाहून वडिलांना वाईट वाटले, कारण सोनारकामात गेलेली वर्षे वाया जाणार होती. तरी त्यांनी मन मोठे केले आणि १४८६ साली त्याला मिखाएल वोल्गेमुट या चित्रकाराकडे उमेदवारीस ठेवले.

१४९० साली तो रिवाजाप्रमाणे देशाटनास निघाला. कोल्मार येथे मार्टिन शोंगाउअर हा ताम्रकोरणीचा नामांकित कारागीर राहत असे. त्याच्याजवळ शिकावे या आशेने ड्यूरर तेथे पोहोचला, तो शोंगाउअर आधीच देवाघरी गेला होता. मग तो बासेल शहरी आला. १४९२ साली तेथे संत जेरोमच्या पत्रांचा ग्रंथ छापला गेला. पवित्र शास्त्राचे लॅटिनमध्ये भाषांतर करणारा हाच तो जेरोम. त्या ग्रंथाच्या आरंभीचे चित्र ड्यूररने लाकडी ठोकळ्यावर काढले. तो ठोकळा अजून बासेलमध्ये आहे व त्याच्या मागील बाजूस ड्यूररचे नाव आहे.

बासेल हे नाव आमच्या भागातील मंडळ्यांना परके नाही. १८१५ साली त्याच शहरात बासेल मिशनची स्थापना झाली आणि तिचे मिशनरी १८३७ साली धारवाडास व १८३९ साली हुबळीस आले. ज्या नगराने आम्हांकडे सुवार्तिक पाठविले, त्याच नगरातील छापखान्यासाठी सव्वातीनशे वर्षांपूर्वी एक एकवीस वर्षांचा तरुण चित्रे काढीत होता.

१४९४ साली ड्यूरर घरी परतला व ७ जुलै रोजी आग्नेस फ्राय हिच्याशी त्याचा विवाह झाला. या जोडप्यास मूल झाले नाही. इटलीचा एक प्रवास करून आल्यावर त्याने न्यूरेंबर्गमध्ये स्वतःचा कारखाना थाटला.

तांब्याचा पत्रा

भांड्यांच्या दुकानात कळशीवर किंवा ताटावर नाव घालणारा कारागीर आमच्या वाचकांनी पाहिला असेल. ड्यूररची कला त्या कामाची जवळची नातलग होती, फक्त तिच्यात हातोडी नव्हती. गुळगुळीत केलेल्या तांब्याच्या पत्र्यावर तळहाताच्या जोराने पोलादी कोरणी पुढे ढकलावयाची. ती जाईल तेथे तांब्याचा केसासारखा बारीक पापुद्रा निघून खाच पडते. वळणदार रेघ हवी असेल तर कोरणी न वळविता पत्राच फिरवावयाचा. नंतर खाचांत शाई चोळून भरावयाची, वरचा पत्रा पुसून लख्ख करावयाचा, त्यावर ओलसर कागद ठेवावयाचा आणि ते सर्व रुळांच्या दाबयंत्रातून काढावयाचे. खाचांतील शाई कागदावर उतरते व उजव्याचे डावे होऊन चित्र उमटते. लाकडी ठोकळ्याची रीत याच्या उलट. तेथे रेघ उभी ठेवून आजूबाजूचे लाकूड कोरून टाकतात.

सोनाराकडे शिकलेला हात ड्यूररला येथे उपयोगी पडला. वडिलांना वाया गेलेली वाटलेली वर्षे अशी कामी आली.

या कलेचा आणखी एक मोठा गुण होता. राजवाड्यातील किंवा मोठ्या मंदिरातील चित्र एकाच भिंतीवर राहते. ताम्रपत्र्यावरून शेकडो प्रती निघत आणि साधा माणूसही त्यांतील एखादी विकत घेऊ शके. ड्यूररची पत्नी व आई जत्रा-बाजारांत बसून ही चित्रे विकीत असत. १४९८ साली त्याने प्रकटीकरणाच्या पुस्तकावरील १५ मोठी काष्ठचित्रे मजकुरासह स्वतःच प्रकाशित केली, एक आवृत्ती जर्मन भाषेत व एक लॅटिनमध्ये. तेव्हा तो केवळ २७ वर्षांचा होता.

डुकरांच्या अंगणात

उधळ्या पुत्राचे चित्र त्याच्या थोडे आधीचे, सुमारे १४९६ सालचे. कागद फार मोठा नाही. उंची सुमारे २५ सेंटिमीटर व रुंदी १९. शास्त्रात मुलाला डुकरे चारण्यास शेतात पाठविल्याचे सांगितले आहे. ड्यूररने त्याला शेतकऱ्याच्या अंगणात, अगदी कळपाच्या मध्यभागी आणले. मोठी डुकरे डोणीत तोंड खुपसून खात आहेत, पिले पायांशी घुटमळत आहेत. मागे उतरत्या छपरांची जुनाट घरे आहेत, आणि ती यहूदी देशातील नसून ड्यूररच्याच मुलखातील आहेत. मुलाने एक गुडघा जमिनीवर टेकला आहे, हात घट्ट जोडले आहेत व तोंड वर केले आहे. त्याच्याकडे कोणी पाहत नाही. डुकरे आपल्या खाण्यात दंग आहेत.

हे चित्र झपाट्याने पसरले. पुढे इटलीतील चित्रकारांची चरित्रे लिहिणाऱ्या व्हासारीनेही त्याची व त्यातील जर्मन झोपड्यांची वाखाणणी केली.

ड्यूररने हाच क्षण का निवडला, याचे उत्तर दाखल्यातच आहे. मुलगा शुद्धीवर आला तो बापाच्या दारात नव्हे, डुकरांजवळ. घराकडे टाकलेले त्याचे पहिले पाऊल पायाने नव्हे, मनाने टाकलेले होते. त्या क्षणी त्याच्या अंगावर नवा झगा नव्हता, बोटात अंगठी नव्हती आणि बाप आपला स्वीकार करील याची खात्रीही नव्हती. आम्ही पश्चात्तापाविषयी उपदेश करतो तेव्हा लगेच मेजवानीकडे धावतो. ड्यूररचे चित्र आम्हांला त्या अंगणात थोडा वेळ थांबावयास लावते.

आईचे चित्र

१५०२ साली वडील वारले. दोन वर्षांनी आई ड्यूररच्या घरी राहावयास आली. त्याच १५०४ साली त्याने आदाम व हव्वा यांचे प्रसिद्ध ताम्रचित्र पुरे केले. १५०५ ते १५०७ तो व्हेनिस येथे होता. परतल्यावर त्याने प्रभूच्या दुःखसहनाची चित्रमाला तांब्यावर कोरण्यास घेतली व १५१२ पर्यंत तिच्यावर काम केले. त्यातील वधस्तंभाच्या चित्रावर १५११ साल आहे. वधस्तंभाजवळ योहान हात एकमेकांत गुंतवून शोक करीत उभा आहे.

१५१४ च्या मार्च महिन्यात त्याने आजारी आईचे चित्र कोळशाने काढले. ती तेव्हा ६३ वर्षांची होती. खोल गेलेले डोळे, सुरकुतलेले कपाळ, गळ्याची वर आलेली हाडे, यांतील काहीही त्याने सुंदर करून दाखविले नाही. दोन महिन्यांनी ती प्रभूमध्ये झोपी गेली. अठरा लेकरांना जन्म देऊन त्यांतील बहुतेकांना मूठमाती दिलेल्या आईचा चेहरा जसा होता तसाच त्याने ठेवला. खरे ते दाखवावे, हीच त्याची प्रीतीची रीत होती.

न पाहिलेला गेंडा

खरेपणाची एवढी आवड असलेल्या या माणसाकडून एक गंमतीची चूक झाली आणि तिचे मूळ आमच्या शेजारच्या गोव्यात आहे. गुजरातचा सुलतान दुसरा मुजफ्फरशाह याने एक गेंडा पोर्तुगीजांचा गव्हर्नर आल्बुकर्क यास भेट दिला. १५१५ च्या जानेवारीत तो गोव्याहून जहाजाने रवाना झाला व २० मे रोजी लिस्बन येथे उतरला. ड्यूररने तो कधी पाहिला नाही. कोणा प्रवाशाचे पत्र व एक रेखाटन हाती आले, त्यावरून त्याने गेंड्याचे काष्ठचित्र तयार केले. चित्र इतके जिवंत उतरले की युरोपातील लोक पुढे दोन-अडीचशे वर्षे त्यालाच खरा गेंडा समजले. परंतु ड्यूररच्या गेंड्याच्या खांद्यावर एक लहानसे जादा शिंग आहे आणि कातडी लोखंडी चिलखतासारखी आहे.

ही गोष्ट शिक्षकांनी ध्यानात ठेवण्यासारखी आहे. चित्र जितके प्रभावी तितकी त्यातील चूकही टिकाऊ. हव्वेने कोणते फळ खाल्ले असे वर्गात विचारा. बहुतेक मुले सफरचंद म्हणतील. उत्पत्तीच्या पुस्तकात सफरचंदाचे नाव नाही. ते मुलांच्या मनात चित्रांतून शिरले. ड्यूररने वधस्तंभाचा प्रसंगही डोळ्यांनी पाहिला नव्हता. म्हणून कितीही थोर चित्रकाराचे चित्र असो, ते वचनाशी ताडून पाहिले पाहिजे.

गोव्याहून उत्तरेकडे

गेंडा गोव्याहून पश्चिमेस गेला, तशी पश्चिमेची चित्रे गोव्याहून उत्तरेस गेली. अकबर बादशहाच्या बोलावण्यावरून रोदोल्फो आक्वाव्हिवा, आंतोनियो मॉन्सेरात व फ्रान्सिस्को हेन्रिकेश हे तीन जेझुइट १५७९ च्या नोव्हेंबरात गोव्याहून निघाले व १५८० च्या फेब्रुवारीत फत्तेपूर सिक्रीस पोहोचले. अँटवर्प येथे क्रिस्टोफ प्लांटिनने छापलेले आठ खंडांचे बहुभाषी पवित्र शास्त्र त्यांनी बादशहास नजर केले. त्याच्या आरंभीच्या पानांवर ताम्रचित्रे होती. अशा ग्रंथांबरोबर व व्यापाऱ्यांबरोबर युरोपातील छापील चित्रे मोगल दरबारात पोहोचू लागली आणि तेथील चित्रकार ती बारकाईने अभ्यासू लागले.

१६०० साली अबुल हसन या मुलाने ड्यूररच्या वधस्तंभाच्या चित्रातील शोक करणाऱ्या योहानाची नक्कल केली. पुढे हाच अबुल हसन जहांगीरच्या दरबारातील पहिल्या प्रतीचा चित्रकार झाला. नक्कल केली तेव्हा तो तेराव्या वर्षात होता. आरशात पाहून स्वतःचे चित्र काढणारा ड्यूररही तेराच वर्षांचा होता. मोगल मुलाची ती नक्कल आज ऑक्सफर्ड येथील अ‍ॅशमोलियन संग्रहालयात आहे. त्या मुलाला योहानाचे शुभवर्तमान कितपत ठाऊक होते, हे चित्रावरून कळत नाही. चित्र इतक्या दूर पोहोचते. पण त्यातील शोक कोणासाठी आहे, हे सांगावयास कोणीतरी जवळ असावे लागते.

ल्यूथरचे ऋण

१५१७ साली विटेनबर्ग येथे मार्टिन ल्यूथरने आपली ९५ मते प्रसिद्ध केली. ड्यूरर तेव्हा ४६ वर्षांचा होता. १५१८ साली त्याने ल्यूथरला भेट पाठविली. १५२० च्या आरंभी त्याने सॅक्सनीच्या दरबारातील श्पालाटीन यास पत्र लिहिले व त्यात मनातील एक इच्छा कळविली : ल्यूथरची भेट व्हावी आणि ज्याने आपल्याला मोठ्या मनोव्यथेतून सोडविले, त्या ख्रिस्ती माणसाचे चित्र आपण तांब्यावर कोरावे. ही मनोव्यथा कोणती, हे त्याने उघड केले नाही. परंतु ज्याने ऐन तारुण्यात डुकरांमध्ये गुडघे टेकलेला मुलगा कोरला, त्याला कृपेच्या शिकवणीने काय दिले असेल, हे ओळखणे कठीण नाही.

ही इच्छा पुरी झाली नाही. त्या दोघांची गाठ कधीच पडली नाही. १५२० च्या उन्हाळ्यात ड्यूरर पत्नीसह नेदरलँड्सला गेला. सम्राट मॅक्सिमिलियन मरण पावला होता व त्याने लावून दिलेला वर्षासन नव्या सम्राटाकडून कायम करून घ्यावयाचा होता. मे १५२१ मध्ये अँटवर्प येथे बातमी आली की, ल्यूथरला कोणी पळवून नेले. तो वार्टबुर्गच्या किल्ल्यात सुखरूप होता, हे लोकांना ठाऊक नव्हते. ड्यूररच्या रोजनिशीत एरव्ही जेवणाखाण्याचा खर्च व विकलेल्या चित्रांचा हिशेब असे. त्या दिवशी तिच्यात पानेच्या पाने विलाप आहे. ल्यूथर मेला असेल तर शुभवर्तमान आम्हांला इतक्या स्पष्टपणे आता कोण समजावून सांगणार, अशी त्याची तळमळ होती. याच प्रवासात त्याला ताप जडला आणि प्रकृती पुन्हा पूर्वीसारखी झाली नाही.

चित्र आणि वचन

१५२५ साली न्यूरेंबर्ग शहराने धर्मसुधारणा स्वीकारली. याच सुमारास ठिकठिकाणी मंदिरांतील चित्रे व मूर्ती फोडल्या जात होत्या. ज्याचे पोट चित्रांवर आणि मन सुधारणेकडे, त्याची किती ओढाताण झाली असेल! त्या वर्षी मापनशास्त्रावरील आपल्या ग्रंथाच्या अर्पणपत्रिकेत त्याने आपले मत मांडले. कमरेला शस्त्र आहे म्हणून सज्जन माणूस खून करीत नाही. तसेच चित्र समोर आहे म्हणून ख्रिस्ती माणूस अंधश्रद्ध होत नाही, असा त्याचा युक्तिवाद होता.

१५२६ साली त्याने याहून मोठे उत्तर दिले. सुमारे सात फूट उंचीच्या दोन फळ्यांवर त्याने योहान, पेत्र, मार्क व पौल यांची चित्रे रंगविली आणि ती आपल्या नगराच्या सभेला भेट दिली. त्यांत योहान पुढे उभा असून त्याच्या हातात उघडे पुस्तक आहे. किल्ली धरलेला पेत्र मागून वाकून त्या पुस्तकात पाहत आहे. चित्रांखाली ल्यूथरच्या भाषांतरातील उतारे लिहिले होते : पेत्राचे दुसरे पत्र, योहानाचे पहिले पत्र, तीमथ्याला दुसरे पत्र व मार्काचे शुभवर्तमान यांतील. खोटे शिक्षक व ढोंगी शास्त्री यांविषयीचे ते इशारे होते. या धोक्याच्या काळात अधिकाऱ्यांनी माणसांच्या भूलथापांना देवाचे वचन समजू नये, अशी विनंती त्याने आरंभी केली होती. हे चित्र पूजेसाठी नव्हते, वाचण्यासाठी होते.

६ एप्रिल १५२८ रोजी ड्यूरर मरण पावला. त्याचे वय ५६ होते. पुढील वर्षीच बासेलमधील मंदिरांतली चित्रे व मूर्ती जमावाने फोडून जाळल्या.

त्या दोन फळ्यांची पुढची हकिगत मनाला लागते. १६२७ साली बव्हेरियाचा कॅथलिक इलेक्टर मॅक्सिमिलियन याने त्या न्यूरेंबर्गकडून मागून घेतल्या. खालची वचने पाहून तो त्या नाकारील, अशी नगरसभेला आशा होती. त्याने करवत लावून खालचा मजकूर कापला, तो न्यूरेंबर्गला परत पाठविला आणि चित्रे तेवढी म्यूनिकला ठेवून घेतली. १९२२ साली दोन्ही तुकडे पुन्हा जोडण्यात आले. मधली सुमारे ३०० वर्षे पेत्र व पौल आपल्या शब्दांवाचून उभे होते.

बासेलच्या जमावाने चित्रे फोडली व बव्हेरियाच्या इलेक्टरने वचन कापले. या दोन्हींपासून आम्ही धडा घ्यावा. आमच्या प्रार्थनामंदिरांच्या भिंती साध्या असतात, हे आम्हांला आवडते. परंतु घरातील दिनदर्शिकेवर, रविवार शाळेच्या फ्लॅनेलच्या फळ्यावर आणि आता मोबाइलवर शास्त्रातील चित्रे असतातच. मुले ती पाहतात, आणि पाठ चुकून जे शिकतात ते बहुधा चित्रांतूनच. म्हणून चित्र दाखविण्यापूर्वी अध्याय उघडून वाचावा, मग चित्र दाखवावे आणि मुलांना ते वचनाशी जुळवून पाहावयास सांगावे.

उधळ्या पुत्राचे ड्यूररचे चित्र यासाठी फार उपयोगी आहे. ते मुलांसमोर ठेवा आणि विचारा, यात बाप कोठे आहे? ती शोधतील; घरांच्या दारांत पाहतील, छपरांमागे पाहतील. बाप त्या चित्रात नाही. तो लूकच्या १५ व्या अध्यायाच्या २० व्या वचनात आहे, आणि मुलगा अजून दूर असतानाच तो धावत निघाला आहे. ते वचन मुलांनाच मोठ्याने वाचू द्या.